पेरोव्हस्काइट एलईडीतला पातळ इंटरफेस थर: कुठे, किती आणि कोणत्या क्रमाने

पेरोव्हस्काइट एलईडीवर (पेरोव्हस्काइट या विशिष्ट स्फटिकरचनेच्या पदार्थातून प्रकाश देणाऱ्या एलईडीवर) नव्याने काम सुरू करणारे बरेच विद्यार्थी एकाच जागी अडकतात. कुठल्यातरी शोधनिबंधात वाचलेलं असतं की दोन थरांच्या सीमेवर, म्हणजे इंटरफेसवर, अमुक पदार्थाचा दोन-तीन नॅनोमीटरचा थर दिला आणि कार्यक्षमता वाढली. तोच थर तसाच्या तसा आपल्या उपकरणात बसवला जातो. उजेड वाढत नाही, व्होल्टेज मात्र चढतं. मग दुसरा निबंध, दुसरा थर. आपल्या उपकरणात प्रकाश नेमका कोणत्या सीमेवर वाया जातोय, हे मात्र कोणी तपासलेलंच नसतं.

हे तपासणं टाळता येत नाही, त्याला कारण आहे. सोलर सेलमध्ये पेरोव्हस्काइटची फिल्म साधारण ५०० नॅनोमीटर जाड असते. एलईडीत ती बहुधा ३० ते ५० नॅनोमीटर. म्हणजे आत आलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, जी धन प्रभारासारखी वागते) कुठल्या ना कुठल्या सीमेपासून जेमतेम २०-२५ नॅनोमीटरवर असतो. सीमेवर एक दोष असला तरी तो फिल्मच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो. त्यामुळे इथे इंटरफेस सुधारला की मोठा फरक पडतो, आणि चुकीच्या जागी हात घातला की तेवढंच मोठं नुकसानही होतं.

या लेखात हिरवा प्रकाश देणारी एक नेहमीची रचना धरली आहे. काचेवर आयटीओ (पारदर्शक इलेक्ट्रोड), त्यावर पेडॉट-पीएसएस (होल आत सोडणारा पॉलिमर), मग पॉली-टीपीडी किंवा पीव्हीके (होल-वाहक थर), मग फेनिलइथाइल अमोनियम ब्रोमाइड मिसळलेलं सिझियम लेड ब्रोमाइड (हेच पेरोव्हस्काइट), त्यावर टीपीबीआय (इलेक्ट्रॉन-वाहक थर), लिथियम फ्लोराइड आणि शेवटी ॲल्युमिनिअम. तुमची रचना वेगळी असली तरी टप्प्यांचा क्रम हाच ठेवा.

## टप्पा १: थर देण्याआधी निदान

इलेक्ट्रोड न लावता चार नमुने करा. एकाच दिवशी, एकाच बाटलीतल्या द्रावणातून.

१. काच आणि पेरोव्हस्काइट
२. काच, होल-वाहक थर आणि पेरोव्हस्काइट
३. काच, पेरोव्हस्काइट आणि टीपीबीआय
४. काच, होल-वाहक थर, पेरोव्हस्काइट आणि टीपीबीआय

चारही नमुन्यांचं फोटोल्युमिनेसन्स (पीएल), म्हणजे प्रकाश पाडल्यावर फिल्म स्वतः देते तो प्रकाश, एकाच लेसरखाली आणि एकाच तीव्रतेवर मोजा. इंटिग्रेटिंग स्फिअर (सगळीकडे जाणारा प्रकाश गोळा करणारा पोकळ गोल) मिळत असेल तर थेट क्वांटम यील्ड (शोषलेल्या फोटॉनांपैकी किती परत बाहेर येतात) घ्या.

पहिल्याच नमुन्याचा यील्ड कमी असेल तर फिल्मच कच्ची आहे. द्रावणाचं प्रमाण, ॲडिटिव्ह, अँटिसॉल्व्हंटची (फिरत्या फिल्मवर टाकून स्फटिक बनवणाऱ्या द्रावकाची) वेळ यांच्याकडे वळा. इंटरफेस थराची चर्चा तोवर थांबवा. पहिला नमुना चांगला आणि दुसरा पडलेला असेल तर दुखणं खालच्या सीमेवर आहे. दुसरा ठीक पण तिसरा पडला तर वरच्या सीमेवर. चौथा सर्वांत खाली असणं अपेक्षितच आहे. तो किती खाली आहे त्यावरून दोन्ही बाजूंचा मिळून फटका कळतो.

सावधान: खालचा पृष्ठभाग बदलला की पेरोव्हस्काइटची वाढही बदलते. होल-वाहक थरावर फिल्म पातळ बसली असेल तर पीएल कमी दिसेलच, पण ते इंटरफेसमुळे नसेल. म्हणून प्रत्येक नमुन्याचं शोषणही मोजा आणि पीएल त्याच्याशी ताडून पाहा. ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, आणि पुढचे सगळे चुकीचे निष्कर्ष तिथूनच सुरू होतात.

पीएलचा क्षय किती वेळात होतो हे मोजण्याची सोय असेल तर जरूर मोजा, पण एकट्या त्या आकड्यावर विसंबू नका. क्षय वेगाने झाला याचे दोन अर्थ होतात. एक, सीमेवरच्या दोषांत प्रभार अडकला. दोन, प्रभार शेजारच्या थरात निघून गेला. दोन्हीत प्रकाश जातो, पण उपाय वेगळे असतात. पहिल्याला दोष बुजवणारा रेणू लागतो, दुसऱ्याला मध्ये अडसर लागतो.

आता एक पूर्ण उपकरण बनवा, कुठलाही जादा थर न देता, आणि करंट-व्होल्टेजचा आलेख लॉग प्रमाणावर काढा. हिरव्या उपकरणाचा प्रकाश अडीच-तीन व्होल्टच्या आसपास सुरू होतो. एक ते दोन व्होल्टच्या पट्ट्यातच करंट भरपूर वाहत असेल तर फिल्मला भोकं आहेत आणि होल-वाहक व इलेक्ट्रॉन-वाहक थर एकमेकांना थेट चिकटले आहेत. तिथे दोष बुजवणारा रेणू काहीही करू शकत नाही. आधी फिल्म नीट पसरायला हवी.

## टप्पा २: थराचं काम ठरवा, मग पदार्थ निवडा

पातळ थर चार प्रकारची कामं करतो: द्रावण नीट पसरवणं, दोष बुजवणं, प्रभारांचा तोल साधणं, आणि दोन थरांमधली रासायनिक कुरबुर थांबवणं. एकच पदार्थ यातली दोन कामं करू शकतो, पण तुम्ही तो कशासाठी घेताय ते वहीत एका ओळीत लिहा. लिहिता आलं नाही तर थर देऊ नका.

पसरवणं. पॉली-टीपीडीचा पृष्ठभाग पाण्यासारख्या ध्रुवीय द्रावकांना जवळ करत नाही. त्यावर डीएमएसओ या द्रावकातलं द्रावण टाकलं की थेंब गोळा होऊन बसतो आणि फिल्म पसरवण्यासाठी काच वेगाने फिरवू लागताच एका कडेला सरकून निघून जातो. मागे उरतो तो मधोमध एक बेट आणि चारही कोपरे उघडे. यावर पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन, म्हणजे पीव्हीपी, याचा अगदी पातळ थर किंवा बाष्पीभवनाने दिलेला सुमारे एक नॅनोमीटर लिथियम फ्लोराइड हे दोन्ही उपाय चालतात. काही जण ऑक्सिजन प्लाझ्मा वापरतात. तो काही सेकंदांपुरता ठीक आहे. जास्त झाला तर पॉलिमरचा पृष्ठभाग जळतो आणि तिथेच नवे दोष तयार होतात.

दोष बुजवणं. फिल्मच्या पृष्ठभागावर ब्रोमाइड निसटून गेलेल्या जागा असतात आणि तिथलं लेड उघडं पडतं. फॉस्फिन ऑक्साइड गटातला ऑक्सिजन आपली इलेक्ट्रॉन-जोडी देऊन त्या लेडला धरतो. टीएसपीओ-१ नावाचा रेणू याच कामासाठी बाष्पीभवनाने देतात. क्वांटम डॉटच्या (नॅनोमीटर आकाराच्या स्फटिककणांच्या) फिल्मच्या खाली आणि वर अशा दोन्ही बाजूंना तो दिल्यावर बाह्य क्वांटम कार्यक्षमता (आत दिलेल्या इलेक्ट्रॉनांमागे बाहेर आलेले फोटॉन) ७.७ टक्क्यांवरून १८.७ टक्क्यांवर गेल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. फक्त वरच्या बाजूचा विचार करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. खालची सीमा डोळ्यांना दिसत नाही म्हणून ती निर्दोष ठरत नाही.

तोल साधणं. सिझियम लेड ब्रोमाइडची संयुजा पट्टी (होलची ऊर्जापातळी) साधारण ५.८ ते ६ इलेक्ट्रॉनव्होल्टवर असते, तर पेडॉट-पीएसएस ५.० ते ५.२ च्या घरात. होलला मोठी पायरी चढावी लागते. इलेक्ट्रॉन मात्र सहज आत येतात आणि जोडीदार न मिळाल्याने वाया जातात. इथे दोन मार्ग आहेत. पीव्हीकेसारखा खोल पातळीचा, सुमारे ५.८ इलेक्ट्रॉनव्होल्टचा थर देऊन होलची पायरी कमी करा, किंवा वर पीएमएमए या पॉलिमरचा अतिपातळ विद्युतरोधक थर देऊन इलेक्ट्रॉनांचा ओघ कमी करा. हिरव्या एलईडीने २०१८ मध्ये २० टक्क्यांचा टप्पा ओलांडला तेव्हा त्या २०.३ टक्क्यांच्या उपकरणात पेरोव्हस्काइट आणि इलेक्ट्रॉन-वाहक थर यांच्यामध्ये पीएमएमएच होतं. पण तो आकडा एकट्या पीएमएमएचा नाही. त्या फिल्मवर मिथाइल अमोनियम ब्रोमाइडचं कवचही तयार केलेलं होतं. निबंध वाचताना हा भाग सुटतो, आणि मग नुसतं पीएमएमए देऊन लोक निराश होतात.

कुरबुर थांबवणं. पेडॉट-पीएसएस आम्लधर्मी आहे. ते आयटीओ हळूहळू झिजवतं आणि सुटलेलं इंडियम वर सरकतं. उलट रचनेत (इलेक्ट्रॉन-वाहक थर खाली) झिंक ऑक्साइड वापरत असाल तर तो आम्लारिधर्मी पृष्ठभाग मिथाइल अमोनियममधला प्रोटॉन काढून घेतो आणि फिल्म तापवताच बिघडू लागते. झिंक ऑक्साइडवर पीईआयई या पॉलिमरचा पातळ थर देतात तो यासाठी. शिवाय त्याने वर्क फंक्शनही (इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) खाली येतं.

## टप्पा ३: हवा, काच आणि द्रावक

मुंबईत हा टप्पा पुस्तकातल्यापेक्षा मोठा आहे.

पावसाळ्यात बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असते तेव्हा दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे २२ अंशांच्या एसी खोलीतली काच नुसती व्हरांड्यातून पलीकडच्या खोलीत नेली तरी तिच्यावर पाण्याचा थर बसतो. तो डोळ्यांना दिसेलच असं नाही. फ्रिजमधून काढलेली रसायनाची बाटली लगेच उघडली तर आतल्या मिठावर पाणी जमतं. म्हणून तीन नियम पाळा. स्वच्छ केलेल्या काचा झाकणाच्या पेट्रीडिशमधूनच न्या. फ्रिजमधली बाटली बंद ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. आणि यूव्ही-ओझोन (काच स्वच्छ करण्याचं यंत्र) ते ग्लोव्हबॉक्स (नायट्रोजन भरलेली बंद पेटी) हे अंतर शक्य तितकं कमी ठेवा.

काच धुण्याचा क्रम: साबणाचं पाणी, डीआयोनाइज्ड पाणी, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल. प्रत्येकात १० ते १५ मिनिटं अल्ट्रासॉनिक. मग नायट्रोजनने कोरडी करून १५ ते २० मिनिटं यूव्ही-ओझोन. ॲसिटोननंतर काच हवेत सुकू देऊ नका, ओली असतानाच अल्कोहोलमध्ये घाला. सुकलेल्या ॲसिटोनचा डाग राहतो आणि पुढे तो प्रकाशित पिक्सेलमध्ये काळ्या ठिपक्याच्या रूपात उगवतो.

तपासणी: ओझोननंतरच्या काचेवर पाण्याचा थेंब टाका. तो पसरून सपाट व्हायला हवा. फुगीर राहिला तर सगळ्या काचा पुन्हा धुवा. थेंब टाकलेली काच पुढे वापरू नका, ती फक्त तपासणीपुरती.

डीएमएसओबद्दल एक लक्षात ठेवा. ते १८.५ अंशांना गोठतं. रात्रभर एसी चालू राहिला की सकाळी बाटली घट्ट झालेली सापडते आणि नवखे विद्यार्थी ती बिघडली म्हणून बाजूला ठेवतात. ती बिघडलेली नसते. उलट पाणी शिरलेलं डीएमएसओ आणखी खालच्या तापमानाला गोठतं, त्यामुळे १८ अंशांच्या खोलीत जी बाटली गोठतच नाही तिच्यावर जास्त संशय घ्या. गोठलेलं डीएमएसओ हलकं गरम करून पूर्ण वितळवा, हलवा, मगच मोजून घ्या.

ग्लोव्हबॉक्समध्ये ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही एक पीपीएमखाली हवेत. पण आकडा चांगला दिसतो म्हणून हवा स्वच्छ आहे असं समजू नका. अँटिसॉल्व्हंट आणि डीएमएसओची वाफ या मापकांत दिसत नाही. स्पिन करताना सर्क्युलेशन बंद ठेवा, काम झालं की नायट्रोजनने पर्ज करा, मग ते पुन्हा सुरू करा. आधीच्या माणसाने ॲमिन वापरलं असेल तर तुमची फिल्म कारण न कळता खराब होऊ शकते. बॉक्सच्या वहीत कोणी काय वापरलं याची नोंद सक्तीची करा.

स्वतःच्या विभागात ही सोय नसेल तर आयआयटी मुंबईच्या नॅनोफॅब्रिकेशन सुविधेत बाहेरच्या विद्यार्थ्यांना आयएनयूपी या (बाहेरच्यांना सुविधा खुली करणाऱ्या सरकारी) कार्यक्रमातून काम करता येतं. तिथे अर्ज करताना टप्पा १ चे पीएलचे निकाल सोबत जोडा. आपल्याला काय हवंय हे माहीत असलेल्या माणसाला मशीनचा वेळ नीट वापरता येतो. कालिन्याच्या मुंबई विद्यापीठातून पवईला आयआयटीत नमुने न्यायचे असतील तर ते ग्लोव्हबॉक्समध्येच दुहेरी पिशवीत सील करा, बाहेरच्या पिशवीत सिलिका जेल टाका, आणि पलीकडच्या ग्लोव्हबॉक्सच्या अँटिचेंबरमध्ये (आत नेण्याआधी हवा काढून टाकणाऱ्या कप्प्यात) जाईपर्यंत उघडू नका.

## टप्पा ४: खालचा थर

पेडॉट-पीएसएस ०.४५ मायक्रॉनच्या पीव्हीडीएफ फिल्टरमधून गाळा, ४००० ते ५००० आरपीएमवर फिरवा, १४० ते १५० अंशांना १५-२० मिनिटं भाजा. ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून प्लेटवरून काढलेली काच गरम असतानाच अँटिचेंबरमध्ये ठेवा आणि आत गेल्यावर १२० अंशांना पाच-दहा मिनिटं पुन्हा भाजा. जून ते सप्टेंबर ही दुसरी भाजणी चुकवू नका.

त्यावर पॉली-टीपीडी क्लोरोबेंझिनमधून, ग्लोव्हबॉक्सच्या आत. १२० ते १५० अंशांना २० मिनिटं भाजून थंड होऊ द्या. गरम काचेवर पुढचं द्रावण टाकलं तर जाडी दर वेळी वेगळी येते.

आता इंटरफेस थर. पीव्हीपी घेत असाल तर ते अल्कोहोलमध्ये विरघळवा. अल्कोहोल पॉली-टीपीडीला विरघळवत नाही, म्हणून हा क्रम सुरक्षित आहे. पातळ द्रावण घ्या, वेगाने फिरवा, १०० अंशांच्या आसपास थोडा वेळ सुकवा.

तपासणी: थर दिलेली एक काच आणि न दिलेली एक काच शेजारी ठेवा, दोन्हींवर डीएमएसओचा सारखाच थेंब टाका आणि बाजूने, डोळा काचेच्या पातळीला आणून पाहा. न दिलेल्या काचेवर थेंबाची कड उभी असते आणि काच थोडी कलती केली की अख्खा थेंब घरंगळतो. दिलेल्या काचेवर कड तिरकी होऊन पातळ होते आणि कलती केल्यावर मागे ओली पट्टी राहते. हा फरक दिसत नसेल तर थर बसलेलाच नाही, पुढे जाण्यात अर्थ नाही.

## टप्पा ५: पेरोव्हस्काइट

इथे थोडक्यात, कारण प्रत्येक गटाची पाककृती वेगळी असते. लेड ब्रोमाइडच्या तुलनेत सिझियम ब्रोमाइड किंचित जास्त ठेवा. लेडचं मीठ जास्त झालं तर धातुरूप लेड तयार होतं आणि ते प्रकाश विझवतं. सिझियम ब्रोमाइड डीएमएसओत सावकाश विरघळतं, ६० अंशांना रात्रभर ढवळा आणि वापरण्याआधी गाळा.

सावधान: खालच्या पृष्ठभागावर इंटरफेस थर दिल्यावर अँटिसॉल्व्हंट टाकण्याची योग्य वेळ काही सेकंदांनी सरकू शकते. साध्या पॉली-टीपीडीवर ठरवलेली वेळ तशीच वापरू नका. नव्या पृष्ठभागावर वेळेची छोटी मालिका पुन्हा करा.

तपासणी: भाजून झाल्यावर अंधार करून ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही टॉर्चखाली काच पाहा. काठापर्यंत एकसारखा हिरवा दिसायला हवा. केंद्रापासून निघणाऱ्या रेषा, धुरकट पट्टे किंवा काळे ठिपके दिसले तर ती काच उपकरणासाठी घेऊ नका. टॉर्च क्षणभरच लावा आणि डोळ्यांवर यूव्हीचा चष्मा असू द्या.

## टप्पा ६: वरचा थर

वर द्रावणातून थर द्यायचा असेल तर सगळा प्रश्न द्रावकाचा आहे. क्लोरोबेंझिन आणि टोल्युइन पेरोव्हस्काइटला बहुतांशी हात लावत नाहीत. पीएमएमए दोन्हींत विरघळतं, म्हणून सोयीचं. आयसोप्रोपिल अल्कोहोल फसवं आहे. फिल्म जागेवर दिसते, पण फेनिलइथाइल अमोनियम ब्रोमाइडसारखं सेंद्रिय मीठ ते पृष्ठभागावरून धुऊन नेतं. इथेनॉल त्याहून वाईट. पाणी, डीएमएफ आणि डीएमएसओ यांचा विचारच नको.

म्हणून थर देण्याआधी रिकाम्या द्रावकाची चाचणी करा. पेरोव्हस्काइटवर नुसतं क्लोरोबेंझिन, पदार्थ न घालता, त्याच वेगाने फिरवा आणि पीएल मोजा. द्रावकामुळेच पीएल वाढलं किंवा घटलं तर ते श्रेय वा दोष थराच्या खात्यात जाता कामा नये. हा कंट्रोल नसलेला निकाल मी तरी मान्य करत नाही.

बाष्पीभवनाने द्यायचा असेल तर द्रावकाची भानगड नाही, पण जाडीची आहे. सेकंदाला ०.१ नॅनोमीटरने थर चढवला तर एक नॅनोमीटर दहा सेकंदांत संपतो, आणि शटर बंद करताना दोन सेकंद उशीर झाला की २० टक्क्यांची चूक पदरी पडते. वेग सेकंदाला ०.०१ ते ०.०२ नॅनोमीटरवर आणा. एक नॅनोमीटरला ५० ते १०० सेकंद मिळतात आणि हात सावरता येतो.

क्वार्ट्झ क्रिस्टल मॉनिटर दाखवतो ती जाडी त्याच्या जागेवरची असते, तुमच्या काचेवरची नव्हे. आधी ५० ते १०० नॅनोमीटरचा जाड थर सिलिकॉनवर चढवा, प्रोफाइलोमीटरने पायरी मोजा, गुणोत्तर काढून टूलिंग फॅक्टर भरा. हे प्रत्येक पदार्थासाठी वेगळं करावं लागतं, आणि बोट किंवा क्रूसिबल (पदार्थ तापवण्याचं भांडं) बदललं की पुन्हा.

## टप्पा ७: जाडीची मालिका

इंटरफेस थराच्या कामात खरा निर्णय इथे होतो. घाई करू नये ती जागा हीच.

विद्युतरोधक थरातून प्रभार टनेलिंगने (अडसर न चढता आरपार निसटून) पार जातो, आणि जाडी वाढेल तशी टनेलिंगची शक्यता घातांकी वेगाने घटते. म्हणून एक आणि तीन नॅनोमीटर यांत तिपटीचा नव्हे, कितीतरी पट फरक पडतो. एका जाडीचा प्रयोग करून 'हा पदार्थ चालत नाही' असं म्हणणं चूक आहे.

पीएमएमएसाठी असं करा. सिलिकॉनच्या तुकड्यांवर एकाच वेगाने जास्त संहतीच्या तीन-चार फिल्म द्या आणि एलिप्सोमीटरने जाडी मोजा. पातळ द्रावणांच्या पट्ट्यात जाडी ढोबळमानाने संहतीच्या प्रमाणात असते, त्यावरून कमी संहतीचा अंदाज बांधा. पीएमएमएचं रेणुवजन बदललं तर हा आलेख रद्द. दुसऱ्या कंपनीची बाटली आणली की नवा आलेख काढा.

मग उपकरणांची मालिका: थर नाही, रिकामा द्रावक, आणि थराच्या निदान चार जाड्या. शून्यापासून वर जाताना आधी कमी व्होल्टेजवरचा गळती करंट घटायला हवा, मग कार्यक्षमता चढायला हवी, आणि पुढे एका जागी प्रकाश सुरू होण्याचं व्होल्टेज वाढू लागेल. तुमची जाडी त्या जागेच्या अलीकडे आहे.

सावधान: एक-दोन नॅनोमीटर हा आकडा सरासरीचा आहे. पेरोव्हस्काइटचा पृष्ठभाग खडबडीत असेल तर पॉलिमर खळग्यांत साचतो आणि शिखरं उघडी राहतात. एएफएममध्ये (पृष्ठभागाचा उंचसखलपणा मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शकात) खडबडीतपणा थराच्या जाडीपेक्षा बराच जास्त दिसत असेल तर 'सलग थर' असा शब्द अहवालात वापरू नका. भोकं बुजणं हाही उपयोगच आहे, पण तो वेगळा परिणाम आहे आणि तसाच लिहायला हवा.

## टप्पा ८: टीपीबीआय आणि इलेक्ट्रोड

टीपीबीआय ४० ते ५० नॅनोमीटर, सेकंदाला सुमारे ०.१ नॅनोमीटर. लिथियम फ्लोराइड एक नॅनोमीटर. ॲल्युमिनिअम १०० नॅनोमीटर, सुरुवात हळू, पहिल्या काही नॅनोमीटरनंतर वेग वाढवा. चेंबरचा दाब ५×१०⁻⁴ पास्कलखाली गेल्याशिवाय सुरू करू नका. इंटरफेस थर असलेल्या आणि नसलेल्या काचा एकाच फेरीत, होल्डरवर आलटून-पालटून ठेवा. सगळे कंट्रोल कडेला आणि सगळे नवे नमुने मध्ये ठेवले तर तुम्ही इंटरफेस नव्हे, चेंबरमधली जागा मोजाल.

काढल्यावर काचेचं झाकण यूव्ही इपॉक्सीने लावा. इपॉक्सी कडक करताना पिक्सेलवर ॲल्युमिनिअम फॉइल झाका.

## टप्पा ९: मोजमाप

पेरोव्हस्काइटमध्ये आयन हलतात, त्यामुळे पहिला स्कॅन आणि दुसरा स्कॅन सारखे येत नाहीत. स्कॅनचा वेग, दिशा आणि थांबण्याचं व्होल्टेज आधीच ठरवा आणि सर्व नमुन्यांना तेच लावा. स्प्रिंगच्या पिनांचा साधा जिग लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या भागांतून बनतो. मगरचिमट्यांनी मोजू नका, पातळ ॲल्युमिनिअम ओरखडलं जातं आणि नवी गळती तयार होते.

आकड्याची एक चाळणी लावा. सपाट उपकरणातून बाहेर येणारा प्रकाश ढोबळमानाने २० ते २५ टक्के धरतात. फिल्मचा क्वांटम यील्ड ६० टक्के असेल तर बाह्य कार्यक्षमता १२ ते १५ टक्क्यांच्या आसपास अडायला हवी. तुमचा आकडा २२ आला तर आनंद करण्याआधी डिटेक्टरचं कॅलिब्रेशन, पिक्सेलचं खरं क्षेत्रफळ आणि प्रकाशाचं कोनीय वितरण तपासा.

इंटरफेस थराने तोल साधला असं म्हणायचं असेल तर फक्त-होल आणि फक्त-इलेक्ट्रॉन उपकरणंही बनवा, थरासह आणि थराशिवाय. दोन्ही करंट जवळ आले तर तोलाचा दावा टिकतो. ते न करता फक्त कार्यक्षमता वाढली तर दोष बुजले, भोकं बुजली की तोल साधला, हे सांगता येत नाही.

निदान तीन वेगवेगळ्या बॅचमधले सगळे पिक्सेल मांडा, बंद पडलेलेसुद्धा. सर्वोत्तम पिक्सेलचा आकडा द्या, पण मध्यक आधी द्या.

## लक्षणावरून कारण

व्होल्टेज चढलं, कार्यक्षमता तीच: थर जाड झालाय. संहती निम्मी करा.

पीएल वाढलं, इलेक्ट्रोल्युमिनेसन्स (विजेने मिळणारा प्रकाश) घटलं: दोष बुजले पण थर प्रभाराची वाट अडवतोय. पातळ करा, किंवा प्रभार वाहून नेऊ शकणारा रेणू निवडा.

कार्यक्षमता वाढली, आयुष्य घटलं: थर विजेखाली हलतोय किंवा पेरोव्हस्काइटशी क्रिया करतोय. स्थिर करंटवर पीएल आणि इलेक्ट्रोल्युमिनेसन्स दोन्ही वेळेनुसार मोजा. पीएल टिकलं आणि दुसरं पडलं तर बिघाड बहुधा प्रभार आत येण्याच्या वाटेत आहे.

एकाच काचेवरचे पिक्सेल खूप वेगवेगळे: पसरण्याचा प्रश्न सुटलेला नाही, किंवा काच धुण्यात चूक. टप्पा ३ आणि ४ च्या थेंबाच्या चाचण्यांकडे परत जा.

मे महिन्यात चालणारी पाककृती जुलैत बंद पडली: पेडॉट-पीएसएसची दुसरी भाजणी, अँटिचेंबरच्या व्हॅक्यूम फेऱ्या आणि उघड्या बाटल्या तपासा. पदार्थ बदलण्याआधी हे तीन.

## कचरा

वापरलेले फिल्टर, टिपा, पुसलेले टिश्यू आणि फेकायच्या काचा यांत विद्राव्य लेड असतं. ते सिंकमध्ये किंवा साध्या कचऱ्यात जाता कामा नये. ग्लोव्हबॉक्समध्येच 'लेड' लिहिलेला वेगळा डबा ठेवा. क्लोरोबेंझिनसारखी हॅलोजनयुक्त द्रावकं इतर द्रावकांत मिसळू नका. भरलेला डबा संस्थेच्या सुरक्षा विभागामार्फत, नोंदीसह, अधिकृत धोकादायक कचरा केंद्राकडे गेला पाहिजे. मुंबई परिसरासाठी असं सामायिक केंद्र तळोज्यात आहे. डब्यावर तारीख, मुख्य घटक आणि अंदाजे वजन लिहिलेलं नसेल तर तो डबा महिनोन्‌महिने प्रयोगशाळेतच पडून राहतो.